टाकीच्या झाकणातलं भोक

आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. नानाखेड्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि किती वाजले ते आम्हाला कंडक्टरांच्या ओरडण्यावरून कळायचं. ‘देवास, देवास, देवास’ सुरू झालं की आई गॅस पेटवायची. ‘इंदौर, बैठते ही चलेगी’ ऐकू आलं की बाबा डबा घेऊन निघायचे. आम्ही मूळचे जळगावकडचे. बाबांना इथल्या एका बसमालकाच्या गॅरेजमध्ये फिटरचं काम मिळालं म्हणून ते उज्जैनला आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण पुण्याच्या माणसाला ऐकवू नये अशी. आई ‘दिनू, नल आ गए, पटकन भरून घे’ म्हणायची आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. जेवणाचंही तसंच. सकाळी पोहे, त्यावर शेव आणि चिमूटभर जिरावण मसाला, आणि संध्याकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खलबत्त्यात कुटलेला ठेचा. आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि बाहेर बस मागे घेणाऱ्या क्लीनरचा ‘आन दो, आन दो’ हे दोन्ही एकाच लयीत चालायचे. मला अजून भाकरीचा आवाज आला की डिझेलचा वास येतो.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ते कसं जमलं हे सांगायचं तर अनंतच्या घराबद्दल सांगावं लागेल. अनंतचे पूर्वज महाराजांच्या दफ्तरात लेखनाचं काम करणारे. वडील वकील, फ्रीगंजमध्ये बंगला. आई त्यांच्याकडे पोळ्यांना जायची. अनंत माझ्याच वयाचा होता. त्याच्याकडची जादा पुस्तकं, त्याचा जुना ड्रॉइंग बोर्ड, त्याच्या क्लासच्या नोट्स, सगळं त्याच्या आईने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्मही त्याच्या वडिलांनी स्वतः बसून भरून दिला. या उपकारांबद्दल मी आजही कृतज्ञ आहे, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. फक्त एवढंच, की कृतज्ञ माणूस घाबरट होतो. त्याला सतत वाटत राहतं की आपण कुठेतरी चुकू आणि दिलेलं परत मागितलं जाईल. अनंत वर्गात सगळ्यांसमोर म्हणायचा, ‘आमच्या काकूंचा दिनेश आहे हा, पोळ्या त्यांच्या आणि पाने-पकड ह्याच्या, दोन्ही गोल फिरतात.’ सगळे हसायचे. मीही हसायचो, सगळ्यात मोठ्याने.

शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजने गो-कार्ट करायला घेतली. जमिनीला टेकलेली, चार चाकांची, एका माणसाची गाडी. आंतरकॉलेज स्पर्धा होती आणि तिथे कंपन्यांची माणसं येणार होती. अनंत कॅप्टन झाला. त्याच्या आईने शब्द टाकला म्हणून मी टीममध्ये आलो. आम्ही सहा जण होतो, पण स्पर्धेला नावं पाचच जाणार होती. गाईड सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, ‘जिसका नाम लिस्ट में, उसका प्रोजेक्ट पास. छठा अगले साल जूनियर्स के साथ फिर से करेगा.’ चार जणांची नावं कोणाची हे विचारायची गरजही नव्हती. अनंत आणि त्याचे तीन मित्र, एकमेकांच्या घरी जाणारे. सहावा कोण, तर मी किंवा नईम.

नईम भैरवगढचा. त्याच्या घरी तीन पिढ्या कापडावर रंगाचे ठप्पे मारायचं काम. त्याच्या नखांच्या कडांना कायम लालसर काळी रेघ असायची आणि बंटी, जो आमची गाडी चालवणार होता, तो त्याला ‘रंगीला’ म्हणायचा. नईमसुद्धा त्याच्या घरातला पहिला. आम्ही दोघं कँटीनमध्ये एका टेबलावर बसायचो, एकमेकांच्या डब्यातलं खायचो. तो आमच्या घरी आला की आई त्याच्यासाठी वांग्याचं भरीत करायची आणि तो म्हणायचा, ‘आंटी, इत्ता तीखा? मेरेको मारने का प्लान हे क्या?’ आणि आणखी घ्यायचा. टीममध्ये माझ्याकडे वेल्डिंग आणि ब्रेक होते, त्याच्याकडे पेट्रोल. पेट्रोल म्हणजे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळं.

इथे थोडं समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. इंजिन आम्ही भंगारातल्या मोटारसायकलचं घेतलं होतं. मोटारसायकलवर टाकी वर आणि इंजिन खाली असतं, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच उतरतं. गो-कार्टमध्ये टाकी ड्रायव्हरच्या पायांपाशी, जमिनीलगत, आणि इंजिन त्याच्या पाठीमागे, टाकीपेक्षा उंच. म्हणून पेट्रोल वर चढवायला पंप लागतो. नईमने काडेपेटीएवढा एक काळा पंप शोधून आणला. त्याला वीज लागत नाही. इंजिन श्वास ओढतं, त्या ओढीने एका बारीक नळीतून पंपातला रबरी पडदा हलतो आणि पेट्रोल पुढे सरकतं. ‘देख भिया,’ नईमने माझं बोट त्या पंपावर ठेवून सांगितलं होतं, ‘ये दिल हे गाड़ी का. इंजन साँस लेगा, ये धड़केगा.’ खरंच बोटाखाली धडधड लागत होती.

पहिल्यांदा गाडी चालवायच्या दिवशी पूजा करायची असं ठरलं. आमच्याकडे सायकलसुद्धा पूजा केल्याशिवाय कोणी चालवत नाही. अनंत म्हणाला, ‘दिनेश, काकूंना बोलव. त्यांना सगळं माहीत असतं.’ मला फार बरं वाटलं. आई त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून कॉलेजच्या मैदानावर आली. ताटात नारळ, पेढे, चार लिंबं आणि भैरवबाबाचा तेलात कालवलेला शेंदूर. चाकांखाली लिंबं ठेवून झाली, स्टिअरिंगला पूजेचा लाल नाडा बांधून झाला. मग तिने विचारलं, ‘हिचं तोंड कुठे आहे रे?’ सगळे हसले. आईने इकडे तिकडे बघितलं आणि टाकीच्या झाकणाकडे बोट दाखवलं. ‘पेट्रोल इथूनच पिते ना? मग हेच तोंड.’ आणि तिने झाकणावर अनामिकेने जाड, ओलं, सुंदर स्वस्तिक काढलं. मधोमध, जिथे दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात, तिथे तिने बोट जरा जास्त दाबलं. नईम बूट घालून असल्यामुळे जरा लांब उभा होता. आईने त्याला हाक मारून पेढा दिला.

टाकीच्या झाकणाला मधोमध सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. टाकीतून पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा त्या भोकातून आत येते. ते भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि ती पोकळी पेट्रोल धरून ठेवते. पंप ओढून ओढून थकतो, पण त्याला काही मिळत नाही. आईचा शेंदूर त्या भोकात गेला होता आणि उन्हाने वाळून बसला होता. हे मी आत्ताच सांगून टाकतो आहे. आम्हाला ते पंधरा दिवस कळलं नाही.

गाडी सुरू झाली, मैदानाला दोन चकरा मारल्या, तिसरीच्या मध्यात खोकली आणि बंद पडली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा अडीच चकरा, पुन्हा बंद. रोज तेच. झाकण काढून पेट्रोल बघितलं की ती परत चालायला लागायची, म्हणून सगळे म्हणायचे की पेट्रोल तर आहे, मग पंपच मार खातोय. नईमने नळी बदलली. क्लिपा बदलल्या. इंजिनच्या जोडाला कुठे हवा लागते का बघायला पेट्रोलची पिचकारी मारून कान लावून बसला. पंपाची बाहेरची नळी बाटलीत सोडून किक मारली तर पेट्रोल टपाटप बाटलीत पडायचं, कारण तेव्हा टाकीत पेट्रोल घालायला झाकण उघडंच असायचं. ‘पंप बराबर हे, कसम से,’ तो म्हणायचा आणि कोणाचा विश्वास बसायचा नाही. झाकणाचा विचार त्याला का सुचला नाही, असं पुढे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. मी त्याला रोज बघत होतो, म्हणून उत्तर मला माहीत आहे. झाकण उघडताना तो ते फडक्याने, फक्त कडेला धरून, दोन बोटांनी फिरवायचा आणि अलगद बाजूला ठेवायचा. वर देवाचं चिन्ह होतं. ते पुसलं जाऊ नये, आपल्या हाताने तर नाहीच, याची तो काळजी घ्यायचा. बाकीच्या आम्ही पाच जणांनी शेंदूर म्हणून पुसला नाही, त्याने परक्याचा शेंदूर म्हणून.

टीममध्ये एक नियम होता, अनंतने काढलेला. जिसका पार्ट, उसका धक्का. ज्याच्या वस्तूमुळे गाडी बंद पडेल त्याने ती ढकलत वर्कशॉपच्या शेडपर्यंत आणायची, आत बंटीला बसवून. पहिल्या आठवड्यात ती गंमत होती. मग तो खेळ झाला. बंटी मध्येच ब्रेक दाबायचा आणि नईमची छाती मागच्या लोखंडी पाइपावर आदळायची. बाकीचे शिट्ट्या मारायचे. ‘पूजा में तो दूर खड़ा था, अब मशीन भी दूर से चलेगी क्या?’ बंटी एकदा म्हणाला. अनंत ‘ए, बस यार’ म्हणाला, पण हसत म्हणाला. मी माझ्या ब्रेकच्या तारेत बघत राहिलो.

एक दिवस बंटी आला नव्हता. गाडी बंद पडल्यावर अनंत मला म्हणाला, ‘दिनेश, आज तू बस. एक दिवसाचा राजा हो.’ मी बसलो. नाही म्हणता आलं असतं का, असं उद्या माझ्या मुलीने विचारलं तर मी काय सांगू? आलं असतं. नईम मागून ढकलत होता. चैत्राचं ऊन, मैदानावर गवताचं पातं नाही. तो माझ्या कानाजवळ वाकून हळूच म्हणाला, ‘ब्रेक मत मारना भिया, पाँव में छाला हे.’ मी मारणार नव्हतो. पण झाडाखाली उभे असलेले सगळे ओरडायला लागले, ‘मार, मार, मार.’ मी मान वळवून बघितलं नाही. मी ब्रेक दाबला. एकदाच. मागून लोखंडावर हाड आदळल्याचा आवाज आला आणि झाडाखालून टाळ्या. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या. त्या टीममध्ये मला मिळालेल्या पहिल्या टाळ्या.

निघायला तीन दिवस उरले. संध्याकाळी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा फार बोलत नसत. ठेच्यावर तेल घेता घेता त्यांनी विचारलं, ‘झाकण काढलं की चालते म्हणतोस?’

‘हो.’

‘मग झाकण न लावता चालवा.’

‘बाबा, पेट्रोल सांडेल ना.’

‘अरे बैला,’ बाबा म्हणाले, ‘मी उपाय नाही सांगत, दुखणं सांगतोय. तिला श्वास मिळत नाहीये. आमच्या जुन्या बसला एकदा असंच झालं होतं, झाकणात चिखल बसला होता.’

आई तव्यावरची भाकरी उलटत होती. ती वळून म्हणाली, ‘झाकणाला काही होणार नाही. तिथे मी शेंदूर लावलाय. भरपूर लावलाय.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ताटाकडे. आई अगदी समाधानाने भाकरी भाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नईम पंपाचा नवा पडदा आणायला बसने इंदौरला गेला होता. बाकीचे जेवायला गेले होते. शेडमध्ये मी एकटा. गाडी सुरू केली, उभ्या उभ्या चालू ठेवली आणि ती विझेपर्यंत थांबलो. मग कान टाकीजवळ नेऊन झाकण फिरवलं. आत हवा शिरतानाचा लांब सुस्कारा आला. झाकण उजेडात धरलं. भोक दिसतच नव्हतं, तिथे लाल पापुद्रा होता. माझ्या शर्टाच्या तुटलेल्या बटनाच्या जागी सेफ्टी पिन होती. ती काढून मी स्वस्तिकाच्या बरोबर मध्यात टोचली, फिरवली, फुंकर मारली. उजेडाचा एक ठिपका आरपार दिसला. बस, एवढंच काम होतं. पंधरा दिवसांचा छळ आणि अर्ध्या मिनिटाचं काम.

तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे लिहायचं म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. पहिला विचार आईचा आला, हे खरं आहे. शेंदराची गोष्ट कळली की ती फ्रीगंजच्या त्या बंगल्यात पोचणार, आणि पोळ्या लाटताना तिला ऐकावी लागणार, हसत हसत, वर्षभर. पण तो विचार एका क्षणाचा होता. त्याच्या मागोमाग दुसरा आला आणि तो गेला नाही. दोष शेंदराचा ठरला तर नईम निर्दोष, आणि मग सहावा मी. म्हणून मी पंपाची नळी काढली. ती अगदी बरोबर लावलेली होती. मी ती दोन बोटांएवढी आखूड कापली, वळवून पुन्हा बसवली आणि नवी क्लिप आवळली. काहीतरी केलं आहे असं दिसावं म्हणून. मग गाडी बाहेर काढून मैदानाला दहा चकरा मारल्या.

आवाज ऐकून सगळे धावत आले. सरही आले. अनंतने विचारलं, ‘काय केलंस?’

‘नळी उलट्या वळणाने लावली होती नईमने,’ मी म्हणालो. ‘चिमटत होती. पंपाला ओढ मिळत नव्हती.’ आणि सरांकडे वळून तेच हिंदीत सांगितलं.

सर म्हणाले, ‘देखो, इसको कहते हें हाथ. फ़िटर का लड़का हे.’ अनंतने माझ्या खांद्यावर हात टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो हात मला अजून आठवतो, कारण तो मला आवडला होता.

चारच्या सुमाराला नईम आला. घामाने भिजलेला, हातात पडद्याची छोटी डबी. बंटी म्हणाला, ‘आइए डॉक्टर साब, मरीज तो आपके बिना ही ठीक हो गया.’ सरांनी त्याला नळीचं सांगितलं. नईम वाकून नळीकडे बघत राहिला.

‘पाइप तो बराबर थी, सर.’

‘बराबर होती तो चलती नहीं क्या?’ सर म्हणाले. ‘पंद्रह दिन खा गए तुम टीम के.’

नईम गाडीच्या भोवतीने फिरला. मग सवयीप्रमाणे फडकं घेऊन, कडेला धरून, त्याने टाकीचं झाकण उघडलं. या वेळी सुस्कारा आला नाही. मी त्याचा चेहरा बघत होतो. त्याने झाकण उचलून आकाशाकडे धरलं. लाल स्वस्तिकाच्या मध्यात पिनेचा ताजा ओरखडा आणि त्यातून येणारा उजेड त्याच्या डोळ्याखाली पडला. त्याला सगळं कळायला दोन सेकंदही लागले नसतील. तो आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार होता.

‘दिनेश,’ तो म्हणाला, ‘ये तूने किया?’

‘हाँ. पाइप घुमा दी.’

‘पाइप का नहीं पूछ रिया.’

सर म्हणाले, ‘क्या हुआ? बोलो, क्या हे?’

सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि मी गप्प उभा होतो, कारण मला माहीत होतं की तो बोलू शकणार नाही. काय बोलणार? पूजेच्या शेंदराने गाडी बंद पाडली, असं? आपल्या या गावात, त्या मैदानावर, त्या पाच जणांसमोर, नईमने? नळी कापताना मी हे धरून चाललो होतो की नाही, असा प्रश्न मी स्वतःला अनेक वर्षं विचारत आलो. धरून चाललो होतो. विचार शब्दांत आला नव्हता, पण हिशेबात होता. मी दुसऱ्या कोणावर ही चूक ढकलली असती तर तो भांडला असता. नईमवर ढकलली, कारण त्याचं तोंड आधीच बांधलेलं होतं.

त्याने झाकण पुन्हा बसवलं. तेसुद्धा कडेलाच धरून.

‘कुछ नहीं सर,’ तो म्हणाला. ‘पाइप ही थी. मेरी गलती.’

‘रूल तो रूल हे,’ बंटी गाडीत बसत म्हणाला. ‘आखरी धक्का, रंगीले.’ गाडी आता छान चालत होती, तरी तिचं इंजिन बंद करून त्यांनी ती नईमकडून शेडपर्यंत ढकलून घेतली. बंटीने वाटेत चार वेळा ब्रेक दाबला. संध्याकाळी नोटीस बोर्डावर यादी लागली. पाचवं नाव माझं होतं.

स्पर्धेत आम्ही कुठेतरी मधल्या नंबरावर आलो. पण गाडी एकदाही थांबली नाही, आणि एका कंपनीच्या माणसाने विचारलं की इंधनाचा प्रश्न कोणी सोडवला. अनंतने मला पुढे केलं. मी त्यांना पंप समजावून सांगितला. ‘दिल आहे गाडीचं,’ मी म्हणालो, ‘इंजिन श्वास घेतं, हा धडकतो.’ त्यांना ते वाक्य आवडलं. त्या वाक्यावर मला नोकरी लागली. पीथमपूरच्या कारखान्यात मी आजही त्याच ओळीत काम करतो, फक्त खुर्ची बदलली आहे. नवीन आलेल्या मुलांना मी शिकवतो की इंजिन थोडं चालून बंद पडत असेल तर पंप उघडायच्या आधी टाकीचं झाकण बघा. ती मुलं वहीत लिहून घेतात.

नईमने पुढच्या वर्षी प्रोजेक्ट केला नाही. त्याच्या वडिलांची पाठ गेली होती आणि घरात बसून आणखी एक वर्ष काढणं त्याला शक्य नव्हतं. सगळे पेपर पास, एक प्रोजेक्ट बाकी. त्याच्या घरातला पहिला पदवीधर अजून व्हायचा आहे. आई काही दिवस विचारत राहिली, ‘नईम का येत नाही रे? भांडलात का?’ मी म्हणालो, तो बिझी आहे. बाबांनी मात्र कधीच विचारलं नाही. ते गेले तेव्हाही ती गोष्ट आमच्या दोघांमध्ये तशीच होती.

मागच्या वर्षी मी भैरवगढला गेलो. बाबांचं वर्षश्राद्ध आटोपून, एकटा. नईमची शेड शोधायला कष्ट पडले नाहीत, कोणीही सांगितलं. लांबच लांब टेबलं, त्यांवर ताणलेलं पांढरं कापड, आणि ठप्प, ठप्प, ठप्प असा एकसारखा आवाज. नईम स्वतः ठप्पा मारत होता. केस पांढरे, नाकावर चष्मा. त्याने मला लगेच ओळखलं. हात थांबवला नाही.

‘बोल,’ तो म्हणाला.

मी सगळं बोललो. भोक, पिन, नळी, यादी. आणि हेही, की तो बोलू शकणार नाही हे मला माहीत होतं. तो कापडावर सरकत होता आणि मी टेबलाच्या कडेने त्याच्याबरोबर सरकत होतो.

‘हो गया?’

‘हाँ.’

‘ये तो मेरेको उसी दिन से मालूम हे. तू नया क्या लाया?’

मी म्हणालो की मला माफी मागायची आहे. त्याने ठप्पा रंगाच्या तबकात ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

‘सर अब्बी भी वईं हें, कॉलेज में. अनंत का ऑफिस फ्रीगंज में हे. चल, दोनों के सामने बोल दे. मैं गाड़ी निकालता हूँ.’

त्याने खरंच खिशातून चाबी काढली. मी त्या चाबीकडे बघत राहिलो. मग मी म्हणालो, ‘यार, मम्मी अब बहुत बूढ़ी हो गई हे. अनंत के घर से बात उन तक पहुँचेगी. उनको...’

नईम हसला. मोठ्याने नाही. पलीकडच्या टेबलावरचे दोन कारागीरही मान खाली घालून हसले. त्यांना काही माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण सबब सांगणारा माझा आवाज त्यांनी ऐकला होता.

‘तो फिर रामघाट जा भिया,’ तो म्हणाला, आणि चाबी परत खिशात घातली. ‘वहाँ डुबकी मार, घर जा, खाना खा. यहाँ तो कपड़ा छपता हे.’

मी उभाच होतो. त्या दोघा कारागिरांनी छापलेलं ओलं कापड दोन टोकांनी उचललं आणि ते माझ्यापाशी येऊन थांबले.

‘हट जा,’ नईम म्हणाला, ‘इनको रास्ता दे.’

मी हटलो.